पाळकाला एकटं पडू देऊ नका

रविवारी सकाळी पुण्यातल्या, मुंबईतल्या किंवा नगरच्या एखाद्या जुन्या मंडळीत उपासना रंगात आलेली असते. गीतं होतात, सेक्रेटरी सूचना वाचायला उभे राहतात. वाढदिवस, लग्नाची घोषणा, छपराच्या दुरुस्तीचा निधी हे सगळं झालं की शेवटी एक वाक्य येतं : खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या प्रभूच्या सेवकांची आठवण ठेवू या. आपण डोळे मिटतो, आमेन म्हणतो. कोणते सेवक, कुठलं खेडं, त्यांच्या घरी काय चाललंय, हे ना वाचणाऱ्याला ठाऊक असतं ना ऐकणाऱ्याला.

त्याच वेळी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर, पत्र्याच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते. चपला बाहेर ओळीने काढलेल्या. आत पंधरा-वीस माणसं, त्यांत बायकाच जास्त. एक ढोलकी, टाळांची एक जोडी आणि हाताने लिहून काढलेली गाण्यांची वही. एक गाणं मराठीत, दुसरं कानडीत, कारण इथे एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात. दाराशी एक जण रस्त्याकडे तोंड करून बसलेला. तो उशिरा आला म्हणून तिथे बसलेला नसतो, कोण येतंय यावर त्याने नजर ठेवायची असते. अर्पणाची थैली फिरते तेव्हा दहा-वीसच्या नोटा पडतात आणि एखादी बाई पदराखालून ज्वारीची पुरचुंडी काढून पुढे ठेवते. रोज भाकरीचं पीठ मळताना देवाच्या नावाने बाजूला काढलेली मूठमूठ ज्वारी आठवडाभरात एवढी साठते. पाळकाच्या घरचा आठवडा त्या पुरचुंडीवर निघत नाही. म्हणून तो सकाळी दूध घालून आलेला असतो, किंवा उपासना आटोपून रिक्षा काढणार असतो. प्रेषित पौलही तंबू शिवून पोट भरत होता, हे त्याला पाठ आहे. पण पौलाबरोबर तीमथ्य होता, सीला होता, अक्विला-प्रिस्किल्लाचं घर होतं. या माणसाबरोबर त्याची बायको आहे, आणि बहुतेक वेळा तेवढंच.

हा लेख त्याच्यासाठी आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, माण-खटावच्या माळापासून शिराळ्याच्या डोंगरापर्यंत, नव्या मंडळ्या उभ्या करणारे असे पुरुष आणि बाया विखुरलेल्या आहेत. त्यांना पैसा कमी पडतो हे खरं, पण ते मोडतात एकटेपणामुळे. हा एकटेपणा हटवायला अमेरिकेतून कुणी यायची गरज नाही. चार-पाच तासांच्या एसटीच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी ख्रिस्ती लोकांनी मनावर घेतलं तरी पुरे.

या भागात प्रार्थना आणि माणसं पाठवणं ही नवी टूम नाही. साताऱ्याचं संस्थान १८४८ मध्ये खालसा झालं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनने तिथे ठाणं उघडलं. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि त्यांनी सुरू केलेलं काम पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे जाऊन सांगली-मिरजेपर्यंत पसरलं. साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली सांगली, मिरज, जत ही संस्थानं मिळून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. म्हणजे आपण ज्या दोन जिल्ह्यांबद्दल बोलतो आहोत त्यांच्या मंडळ्यांचा इतिहास दोन मिशनांच्या हद्दीत वाटला गेलेला आहे. आजही वाईच्या मंडळीला मिरजेच्या मंडळीची फारशी खबर नसते, त्याचं एक कारण हे.

वाइल्डर यांच्या घरातली गोष्ट मात्र प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात सांगितली गेली पाहिजे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. आजारपणामुळे कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनला राहू लागलं. तिथे रॉबर्टच्या मित्रांच्या बैठका घरात भरत, आणि त्याची बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत प्रार्थना करत बसे. मागणी मोघम नव्हती. महाविद्यालयांतून अमुक इतके तरुण मिशनकार्यासाठी उठावेत, असं ती आकडा धरून मागत होती. १८८६ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट माउंट हर्मनच्या विद्यार्थी परिषदेला निघाला, तेव्हा तिथून शंभर जण तयार होतील असा विश्वास तिने बोलून दाखवला होता, असं सांगतात. परिषद संपली तेव्हा शंभर नावं झाली होती. पुढे ज्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीतून हजारो माणसं जगभर गेली, तिचं मूळ कोल्हापूरच्या आठवणी घेऊन वाढलेल्या दोन भावंडांच्या घरात आहे. आणि ग्रेस? वडील गेल्यावर ती आईबरोबर पुन्हा इकडेच आली आणि वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरात, आता ज्याला ईश्वरपूर म्हणू लागले आहेत तिथे, खेड्यांतल्या बायकांमध्ये काम करत राहिली. जगाला माणसं पुरवणाऱ्या बाईने स्वतःसाठी सांगली जिल्ह्यातलं एक बाजारगाव निवडलं. हे वाचल्यावर आपल्या 'आठवण ठेवू या'ची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

आपल्याकडे गट करून गावोगाव जाण्याचा प्रकारही परक्यांनी शिकवलेला नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणाऱ्यांचा एक गट उभा केला. जूनच्या अखेरीस तिथे जे संजीवन झालं त्याची चर्चा आजही होते. पण माझ्या मते त्यातली महत्त्वाची गोष्ट नंतरची आहे. तिथल्या मुलींच्या टोळ्या आजूबाजूच्या खेड्यांत जाऊ लागल्या. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, कालपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुली गावोगाव गेल्या. आधी गुडघ्यावर आणि मग पायी, हा क्रम त्यांनी घालून दिला. आपण तो उलटा करून ठेवला आहे. बस ठरते, टी-शर्ट छापून येतात, आणि प्रार्थना बसमध्ये बसल्यावर सुरू होते. ती संपायच्या आत चहाची टपरी येते.

आणि साताऱ्याचं नाव घेतल्यावर टिळकांना वगळून कसं चालेल? रेव्ह. नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनचं पगारी काम सोडून साताऱ्याला राहायला आले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एका सतरंजीवर बसतील, असा तो घाट होता. परकीय पैशावर आणि परकीय वळणावर उभी असलेली मंडळी या मातीत मुरणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. भजन, कीर्तन, आपली भाषा, आपली बैठक यांवर त्यांचा भर होता. पण मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबाराचा जोर ओसरला. याला कारणं अनेक आहेत आणि त्यावर पंडितांनी लिहिलंही आहे. मला त्यातली एक बाब बोचते. आपल्या सर्वांत मोठ्या कवीने, सर्वांत अस्सल मराठी मंडळीचा आराखडा हातात घेऊन साताऱ्यात पाय रोवला, तेव्हा त्याच्या पाठीमागे मराठी मंडळ्यांची फौज उभी राहिली नाही. कौतुक झालं, गीतं पाठ झाली, ती आजही आपण गातो. माणसाच्या मागे मात्र माणसं कमी पडली.

तीच चूक आपण आता, लहान-लहान टिळकांच्या बाबतीत, रोज करत आहोत. फरक इतकाच की यांची चरित्रं कुणी लिहिणार नाही.

आताचे दिवस कसे आहेत ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २०२५ च्या जूनमध्ये सांगलीत, एका घरातल्या दुःखद मृत्यूनंतर पेटलेल्या वातावरणात, पाद्र्यांना मारहाण करणाऱ्यांसाठी जाहीर सभेतून बक्षिसांची भाषा झाली. त्याच्या निषेधासाठी जुलैमध्ये ख्रिस्ती समाज मुंबईत आझाद मैदानावर जमला. शहरातल्या आपल्यासाठी ती बातमी होती, दोन दिवस फॉरवर्ड झाली आणि खाली गेली. कवठेमहांकाळच्या किंवा दहिवडीच्या बाजूला काम करणाऱ्या पाळकाच्या मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं होतं. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली की नवी मिळत नाही. किराणा दुकानदार काही वाईट बोलत नाही, फक्त उधारी बंद करतो. असा छळ वर्तमानपत्रात येत नाही, म्हणून तो आपल्या प्रार्थनेतही येत नाही.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती जुनी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या राहिल्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित त्यातून बाहेरच आहे. या दोन जिल्ह्यांतल्या मंडळ्यांमध्ये येणारी पुष्कळ कुटुंबं याच समाजांतली. मुलाच्या कॉलेजच्या फीपासून ग्रामपंचायतीच्या राखीव जागेपर्यंत सगळं जातीच्या दाखल्यावर अडलेलं असतं. त्यामुळे घरातली आई उपासनेला येते, बाप दाराबाहेर थांबतो. कोण किती विश्वासात आहे याची मोजदाद शहरी पाहुणा करू लागला की पाळकाची पंचाईत होते. खरं सांगितलं तर कुटुंब अडचणीत, न सांगितलं तर 'काम काही दिसत नाही' असा शेरा. मोजू नका, एवढीच विनंती.

तिसरी गोष्ट परदेशी मदतीची. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशी देणगी घेणारी संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही, आणि प्रशासनावरचा खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. मोठ्या संस्थेकडून झिरपत खेड्यातल्या पाळकापर्यंत येणारी मदत त्यामुळे जागोजागी आटली. पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला धर्मप्रचार करता येत नाही, हा तर सरळ नियम आहे. तरीही 'आमच्याकडे कोरियाची टीम येणार आहे' असं मोठ्या अभिमानाने सांगणारे भेटतात. पाहुणे दहा दिवसांनी विमानात बसतात, पोलिस ठाण्याची पायरी पाळक चढतो. मला विचाराल तर परदेशी गटांचे दिवस संपले, आणि ते संपले हे एका परीने बरंच झालं. आता आपला नंबर आहे. १९०५ च्या नाताळात सेरामपूरला अझरायांसारख्या भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांनी राष्ट्रीय मिशनरी संस्था काढली, तेव्हा आपली माणसं, आपला पैसा, आपलं पुढारीपण हाच विचार होता. शंभरावर वर्षं झाली तरी आपण अजून पाहुण्यांची वाट बघतो.

तर करायचं काय? आधी प्रार्थनेचं बोलू.

मोघम प्रार्थना बंद करा. आपल्या मंडळीने या दोन जिल्ह्यांतला एक पाळक, एक मंडळी धरावी. महाबळेश्वर किंवा पाचगणी नको, तिथे जायला सगळेच तयार असतात. माण, खटाव, जत, आटपाडी, पाटण अशा ठिकाणची धरावी. त्याला महिन्यातून एकदा फोन करावा, आणि तोही कुणी एकाने नेमाने. 'कसं काय, प्रभूची कृपा ना?' असं विचारलं की 'कृपा आहे' हेच उत्तर मिळणार. पत्र्याच्या खोलीचं भाडं भरलं का, मुलीची परीक्षा कशी गेली, मागच्या महिन्यात जे कुटुंब यायचं बंद झालं होतं ते परत आलं का, बाईसाहेबांची शुगर तपासली का, असं विचारा. उत्तरं मिळतील ती प्रार्थनासभेत ठेवा. माणसांची नावं जपून, आद्याक्षरावर. ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. एका फॉरवर्डमुळे कुणाचा दाखला, कुणाचं जुळत आलेलं लग्न अडचणीत येऊ शकतं. महिला मंडळाच्या हातात हे काम दिलंत तर ते टिकेल. युवक संघाकडे दिलंत तर जोरात सुरू होईल आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत चालेल. (युवकांनी रागावू नये, चुकीचं ठरवून दाखवावं.)

आणि मागायचं ते आकडा धरून मागा. ग्रेस वाइल्डरने मागितलं तसं. या वर्षी या मंडळीत एक शिकलेला तरुण उभा राहो, जो पाळकाच्या हाताखाली हिशेब लिहील. या पावसाळ्याआधी त्यांना स्वतःची जागा मिळो. अशी प्रार्थना फळली की नाही ते कळतं, म्हणूनच आपण ती टाळतो.

आता गट पाठवण्याविषयी. चार-पाच दिवसांसाठी सहा ते आठ माणसं जावीत, त्याहून जास्त नकोत. पाळकाच्या घरी एकच मोरी असते. कधी जायचं हे आपल्या सुट्ट्यांवरून ठरवू नका, तिथल्या हंगामावरून ठरवा. तासगाव-कवठेमहांकाळ भागात ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी चालू असते, माणूस भेटत नाही. कराड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत गाव शेतात असतं. माण-खटावची अर्धी माणसं मुंबईत माथाडी आणि इतर कामांवर असतात, गावच्या जत्रेला आणि मे महिन्यात घरी येतात. तेव्हा वैशाखाच्या उन्हात माणला जायची तयारी असेल तरच जा. नसेल तर तिथे जाऊन बंद दारं बघण्यापेक्षा आपल्याच शहरातल्या माणदेशी कामगारांना शोधा, ते तुमच्या घरापासून दोन किलोमीटरवर राहत असतील.

तिथे जाऊन पाळकाच्या हाताखाली काम करायचं, आणि हे जमायला कठीण असतं. शहरातली शिकलेली मंडळी आली की नकळत माइक त्यांच्या हातात जातो, पाळक चहाच्या कपांची व्यवस्था बघू लागतो, आणि गाव एका दुपारीत शिकतं की आपला पाळक दुय्यम आहे. चार वर्षं खपून कमावलेली पत चार तासांत जाते. म्हणून पहिल्या दिवशी कुणी उपदेश करू नये. छपराचे पत्रे बसवा, भिंतीला चुना लावा, मुलांना गाणी शिकवा, दहावीच्या पोरांना गणित शिकवा. तुमच्यातला कुणी अकाउंटंट असेल तर तो सगळ्यांत मोलाचा, कारण सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी, हिशेबतपासणी, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद यांच्या धसक्याने कित्येक मंडळ्या कागदावर अस्तित्वातच नाहीत. कागद सरळ असला की ठाण्यात ताठ मानेने उभं राहता येतं. आणि एक दिवस पाळकाला, त्याच्या बायकोला सुट्टी द्या. त्यांना मिरजेला नेऊन दोघांची तपासणी करून घ्या. तपासणी करून घ्या म्हटलं तर ते नको म्हणतील, म्हणून आधी नंबर लावून ठेवा.

मिरज म्हटलं की वानलेस आले. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं आणि ते १९२८ पर्यंत इथे राहिले. चार दशकं. आज मिरज-सांगलीत एवढी इस्पितळं आहेत, त्या परंपरेची सुरुवात तिथली. ज्या संस्थेने या गावाला वैद्यकीय नगरी केलं, तीच गेल्या काही वर्षांत पैशाच्या ओढाताणीत सापडली आहे, तो वेगळा आणि दुखरा विषय. इथे सांगायचं आहे ते दुसरंच. वानलेस थांबले, म्हणून काम राहिलं. चार दिवसांचा गट काही चाळीस वर्षांची बरोबरी करणार नाही. पण तोच गट, तीच माणसं, त्याच गावात दर वर्षी गेली तर गावाला चेहरे ओळखीचे होतात. दहा गावांना एकेकदा भेट देण्यापेक्षा एका गावात दहा वर्षं जा. 'या वर्षी कुठे जायचं?' हा प्रश्नच मनातून काढून टाका.

वानलेसांच्या गावाकडे जाणाऱ्यांना आणखी एक सांगणं आहे. प्रार्थनेने बरं वाटतं, देव बरं करतो, यावर माझाही विश्वास आहे. पण तुमच्या गटातल्या कुणी उत्साहाच्या भरात कुणाला गोळ्या बंद करायला सांगितलं, तर त्याला त्याच संध्याकाळच्या एसटीने परत पाठवा. त्या एका वाक्याने माणूस दगावू शकतो, आणि मंडळी तर नक्कीच.

वाटप करू नका. वह्या, साड्या, ब्लँकेटं, खाऊच्या पिशव्या, काहीही नको. द्यायचंच असेल तर पाळकाशी बोलून, कुणाच्या नजरेत न येता, गरज असेल त्या घरी, मग ते घर उपासनेला येणारं असो वा नसो. भारताच्या घटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपल्याला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं आहे. हे दोन्ही नीट समजून घेऊन जा. आमिषाचा आरोप खोटा आहे असं आपण म्हणतो. मग तो खोटाच राहील असं वागणं ही आपली जबाबदारी आहे. ट्रॅक्टरवर पिशव्या लावून फोटो काढणारा गट परत गेल्यावर आरोपाचा पुरावा स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊन जातो. मोबाइल पिशवीतच ठेवा. सरपंचांना भेटा, आम्ही अमुक मंडळीचे, अमुक दिवस इथे आहोत, असं मोकळेपणाने सांगा, चहा घ्या. चोरून केल्यासारखं काही करायचं नाही, आणि मिरवायचंही नाही.

यावर आपल्याच मंडळीतून दोन आक्षेप येणार. पहिला : आपली मंडळी रिकामी होत चालली आहे, पोरं उपासनेला येत नाहीत, आणि तुम्ही जतच्या गोष्टी सांगता. माझा अनुभव असा, की ज्या तरुणाने पत्र्याच्या खोलीत ढोलकीवर गायलेलं ऐकलं आहे, दाराशी बसलेला तो माणूस पाहिला आहे, त्याला परत आल्यावर स्वतःच्या मंडळीतल्या मायक्रोफोनच्या भांडणाची चीड येते. ती चीड मंडळीला हवीच आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर : आपण जाऊन त्यांचा धोका वाढवत तर नाही? वाढू शकतो. म्हणून बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि पाळक 'या वर्षी नको' म्हणाला तर रुसायचं नाही, फोन आणि प्रार्थना चालू ठेवायची. निर्णय त्याचा. तो तिथे राहतो.

पैशाविषयी थोडंच. दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठवा, लहान चालेल, पण चुकवू नका. नाताळात एकदम मोठा चेक आणि मग अकरा महिने शांतता, यापेक्षा ते बरं. आणि त्या मंडळीच्या मूठमूठ ज्वारीचं अर्पण बंद पडेल एवढी मदत करू नका. ज्या दिवशी त्या बाईला वाटेल की पुण्याहून येतंय, आता आपल्या पुरचुंडीचं काय काम, त्या दिवशी टिळकांना ज्याची भीती होती तेच आपण घडवलेलं असेल.

येत्या रविवारी उपासनेनंतर पंच कमिटीपुढे एकच विषय ठेवा. सातारा-सांगलीतली कोणती एक मंडळी आपण धरणार, दर महिन्याला तिला फोन कोण करणार, आणि तिकडून बोलावणं आलं तर पुढच्या मे महिन्यात कोण कोण जाणार. तीन नावं लिहून घेतल्याशिवाय बैठकीतून उठू नका. कुणी म्हणालंच की आधी छपराचा निधी पूर्ण होऊ दे, तर त्यांना सांगा की छपराला अजून एक पावसाळा निभेल. पाळकाचं तसं सांगता येत नाही.